१८५० च्या मागे नावंच नाहीत: एका नावाचे दोन जॉन, ओहायो आणि केंटकीची काउंटी दप्तरं

शोधयात्री

सुनेच्या माहेरची वंशावळ लावतो आहे. अमेरिकेच्या सेन्ससचा (जनगणनेचा) हात धरून १९०० पासून १८५० पर्यंत आलो आणि तिथे गाडं अडलं. १८५० ला ओहायोतल्या हायलँड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हे घर आहे: जॉन, वय ५२, जन्म केंटकी. नॅन्सी, ३८, जन्म ओहायो. मुलं २४ (जन्म केंटकी), २१, १२, ९ आणि ४ वर्षांची, धाकट्या चौघांचा जन्म ओहायो. सर्वात धाकट्याच्या मृत्यूच्या बातमीत ‘वडील केंटकीतल्या फ्लेमिंग काउंटीतून आले’ असं छापलंय.

फ्लेमिंगमध्ये १८२० च्या सेन्ससला याच नावाआडनावाचे दोन जॉन आहेत. ऑनलाइन वंशवृक्षांत सगळ्यांनी जॉनचे वडील म्हणून थॉमस लावला आहे, मृत्यू १८३४. पुरावा एकानेही दिलेला नाही. दोघांतला आपला जॉन कोणता आणि वडील थॉमसच का, हे कुठल्या कागदांवरून ठरवायचं? १८४० आणि १८३० च्या सेन्ससमध्ये घरकर्त्याचं नाव आहे, बाकी नुसते आकडे.

दप्तरदार

मागे जायची घाई करू नका, आधी १८५० चंच पान पुन्हा वाचा. त्या वर्षी प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, पण नातं लिहिलं नाही. नात्याचा रकाना आला १८८० ला. म्हणजे ‘नॅन्सी ही पाचही मुलांची आई’ हे आपण ठरवलेलं आहे, कागद तसं म्हणत नाही. ३८ वजा २४ म्हणजे १४. शिवाय २१ आणि १२ मध्ये नऊ वर्षांची फट. पहिली बायको वारली आणि १८३० च्या दशकात दुसरं लग्न झालं, अशी दाट शक्यता दिसते.

पडताळा करता येतो. १८४० ला स्त्रियांच्या रकान्यात पाहा: नॅन्सी तेव्हा २८ ची, म्हणजे २० ते ३० च्या रकान्यात एक आकडा हवा. मोठ्या मुलाची आई त्या वर्षी जिवंत असती तर बहुधा ३० च्या पुढच्या रकान्यात असती. दुसरा पडताळा १८८० चा: त्या सेन्ससला प्रत्येकाच्या आईवडिलांचं जन्मस्थान विचारलं होतं. पाचही भावंडं त्या वर्षी जिथे असतील तिथे शोधा. थोरल्या दोघांची आई केंटकीची आणि धाकट्यांची ओहायोची निघाली तर दोन आया जवळपास पक्क्या. लग्न हायलँडमध्ये सापडलं नाही तर रॉस, अ‍ॅडम्स, ब्राउन, क्लिंटन या शेजारच्या काउंट्याही बघा, कारण लग्न बहुतेक मुलीच्या गावी लागायचं. आणि नॅन्सी त्याआधी विधवा असेल तर लग्ननोंदीत तिचं माहेरचं नव्हे, आधीच्या नवऱ्याचं आडनाव असेल.

आता दोन जॉन. सेन्सस दहा वर्षांनी एकदा, करयादी दरवर्षी. म्हणून एका नावाची दोन माणसं वेगळी करायला करयादीसारखा कागद नाही. केंटकीच्या याद्या १७९२ पासून आहेत (तिथले १७९० आणि १८०० चे सेन्सस नष्ट झाले, त्यांची जागाही याच याद्या भरून काढतात). गोरा पुरुष २१ चा झाला की यादीत यायचा. जनगणनेची तारीख १ जून. त्या दिवशी ५२ म्हणजे जन्म जून १७९७ ते जून १७९८ मधला, अर्थात सांगितलेलं वय खरं असेल तर. म्हणजे १८१८ किंवा १८१९ ला तो यादीत नव्याने उगवला पाहिजे.

१८१५ ते १८३० चा तक्ता करा, प्रत्येक जॉनला वेगळी ओळ: किती एकर, कुठल्या ओढ्यावर (फ्लेमिंग क्रीक, लिकिंग नदी असा रकाना असतो), घोडे किती, यादी कुठल्या दिवशी दिली. त्याच दिवशी यादी देणारे बहुधा शेजारी असतात, त्यांची नावंही टिपून ठेवा. तुमचा थोरला साधारण १८२६ ला केंटकीत आणि दुसरा १८२९ ला ओहायोत जन्मला, तेव्हा १८२९ नंतरही फ्लेमिंगमध्ये कर भरत राहिलेला जॉन तुमचा नाही. एक वर्ष सगळी पानं चाळा, फक्त आडनावाच्या अक्षराचं पान नको. उशिरा आलेली नावं शेवटी वेगळी जोडलेली असतात.

१८२० च्या सेन्ससमधला एक सापळा: पुरुषांचा १६ ते १८ चा रकाना १६ ते २६ मध्ये पुन्हा मोजला आहे. बेरीज करताना तो मुलगा दोनदा धरला की घरात नसलेला भाऊ तयार होतो. शिवाय तुमचा जॉन तेव्हा २२ चा. तो वडिलांच्या किंवा मालकाच्या घरातला एक आकडाही असू शकतो. म्हणजे यादीत दिसणारे दोन्ही जॉन तुमचे नसतील, हीही शक्यता उघडी ठेवा.

आणि नावापुढचं ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ म्हणजे बापलेकच असं त्या काळात नसायचं. एका भागातला थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ. काका-पुतणे असतील, नातं मुळीच नसेलही. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

चतुःसीमा

करयादी माणसं वेगळी करते, नातं जोडतं ते खरेदीखत. इथे बहुतेकजण एक चूक करतात: माणूस १८२८ ला ओहायोत गेला की केंटकीचा इंडेक्स १८२८ ला मिटवतात. उलट पुढची तीस वर्षं बघा. बाप वारल्यावर विधवेला जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातीपुरता हक्क असायचा, त्याला डावर म्हणतात. त्यामुळे वारस कित्येकदा आईच्या मृत्यूपर्यंत थांबून मग विकायचे. फ्लेमिंग्सबर्गच्या दप्तरात १८४० च्या आसपास ‘ओहायो राज्यातल्या हायलँड काउंटीचा जॉन आणि त्याची बायको नॅन्सी’ यांनी आपला सातवा हिस्सा विकल्याचं खत मिळालं, तर एका कागदात ओळख, स्थलांतर आणि सात वारस, तिन्ही पदरात पडतं.

इंडेक्स दोन असतात, देणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा. दोन्ही बघा. इंडेक्समध्ये पहिल्याच विक्रेत्याचं नाव असतं, पुढे नुसतं ‘वगैरे’. तुमचा जॉन तिसरा भाऊ असेल तर इंडेक्समध्ये दिसणारच नाही. म्हणून त्या आडनावाची सगळी खतं उघडायची, बहिणींच्या नवऱ्यांच्या आडनावाचीसुद्धा. कोर्टाने वाटप करून विकलेली जमीन कोर्टाने नेमलेल्या कमिशनरच्या नावाखाली सापडते.

बायकोचं नाव विक्रीच्या खतात येतं, खरेदीच्या नाही. नवरा जमीन विकताना तिला बाजूला घेऊन ‘स्वखुशीने हक्क सोडते’ असं वदवून घेत आणि ते खताखाली लिहीत. १८२० च्या दशकातल्या एका जॉनच्या खतात पॉली आणि दुसऱ्याच्या खतात रेबेका असेल तर तुमचे दोन जॉन तिथेच वेगळे झाले.

माझ्या मते सर्वात बोलका पुरावा मात्र नसलेल्या खताचा: एखाद्याने जमीन विकली आहे पण घेतल्याची नोंद कुठेच नाही, तर ती वारशाने आली, लग्नातून आली किंवा खत नोंदवलंच नाही. ती जमीन आधी कोणाची होती ते चतुःसीमेवरून निघतं. ‘उत्तर ४० अंश पूर्व, ६२ पोल, पांढऱ्या ओकपर्यंत’ अशी वर्णनं असतात. एक पोल साडेसोळा फूट, म्हणजे ६२ पोल १,०२३ फूट. १६० चौरस पोलांचा एकर. कागदावर कोनमापकाने आखा. शेवटची रेघ सुरुवातीच्या बिंदूला थोडी चुकली तर चालेल, दिशा होकायंत्राच्या आहेत. फार चुकली तर कारकुनाने नक्कल करताना एक ओळ गाळली आहे. शेजाऱ्यांचे तुकडे आखून कापून जुळवले की थॉमसच्या जमिनीला लागून कोण होतं ते डोळ्यांसमोर येतं.

हायलँड काउंटीही याच पद्धतीची. ओहायोत बऱ्याच ठिकाणी सहा मैलांचे चौकोनी टाउनशिप आणि ६४० एकरांचे सेक्शन आहेत, पण सायोटो आणि लिटल मायामी नद्यांमधला पट्टा व्हर्जिनियाने आपल्या सैनिकांसाठी राखलेला होता. तिथे सेक्शन शोधत बसू नका. खतात मिलिटरी सर्व्हेचा (सैनिकांसाठीच्या जमिनीच्या मोजणीचा) नंबर असतो, तो धरून चला.

शोधयात्री

दोघांचेही आभार. तीन कागद हाती लागले आणि गोंधळ वाढला.

१) फ्लेमिंगचा १८२४ चा लग्नाचा बाँड (लग्नाला कायदेशीर अडचण नाही याचं जामिनासह हमीपत्र). वराचं नाव ‘जे-एन-ओ’ असं तीन अक्षरी, म्हणजे जोनाथन का? वधू पॉली, जामीन विल्यम, त्याचं आडनाव वधूचंच. बाँडची तारीख हीच लग्नाची धरू का?

२) १८१३ चा काउंटी कोर्टाचा आदेश: ‘मयत थॉमसचा अनाथ जॉन’ याने पालक निवडला. पण थॉमसची विधवा १८२० पर्यंत करयादीत आहे. आई असताना अनाथ कसा?

३) १८३४ च्या एका थॉमसचं मृत्युपत्र, त्यात जॉनचं नावच नाही.

वारसनोंद

‘जे-एन-ओ’ म्हणजे जॉन, पक्कं. जोनाथनला शक्यतो ‘जोना’पर्यंत लिहायचे. पॉली म्हणजे मेरी. पुढे कुठे मेरी दिसली तर तिसरी बायको समजू नका. तसंच सॅली म्हणजे सारा, पॅट्सी म्हणजे मार्था, पेगी म्हणजे मार्गारेट आणि नॅन्सी बऱ्याचदा अ‍ॅन. बाँडची तारीख म्हणजे परवाना घेतल्याचा दिवस. लग्न त्यानंतर काही दिवसांनी, क्वचित कधीच नाही. पाद्र्याने दिलेला परतीचा दाखला शोधा, खरी तारीख त्यात असते. जामीन बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ. बाप जामीन असेल तर वेगळं संमतीपत्र मिळणार नाही. भाऊ असेल आणि मुलगी २१ च्या आतली असेल तर संमतीची चिठ्ठी सुट्या कागदांत असायला हवी, आणि तिच्यात बापाची किंवा विधवा आईची सही.

दुसरा कागद फार मोलाचा आहे. त्या काळच्या कायद्याच्या भाषेत बाप नसलेलं अल्पवयीन मूल म्हणजे अनाथ, आई असो वा नसो. आईला मुलाच्या मालमत्तेवर आपोआप अधिकार नव्हता, म्हणून पालक नेमत. आणि ‘निवडला’ हा शब्द नीट पाहा: १४ च्या आतल्या मुलाला कोर्ट पालक नेमून देई, १४ पूर्ण झालेलं मूल स्वतः निवडे. म्हणजे हा जॉन १८१३ ला किमान १४ चा आणि २१ च्या आतला, जन्म साधारण १७९२ ते १७९९. तुमच्या जॉनचं १७९७-९८ यात बसतं. दुसऱ्या जॉनचंही बसतं का, ते करयादीतल्या त्याच्या पहिल्या वर्षावरून तपासा.

यावरून एवढं नक्की की थॉमस दोन होते. १८१३ पूर्वी वारलेला एक, १८३४ चा दुसरा. वंशवृक्षांनी दोघांचा एक केलेला दिसतो. १८३४ च्या मृत्युपत्रात नाव नाही, एवढ्यावरून मात्र जॉन त्याचा मुलगा नव्हता असं म्हणता येत नाही. हिस्सा आधीच दिलेल्या मुलाचं नाव गाळलेलं असू शकतं.

पुढचं काम पालकाच्या हिशोबांचं. पालक कोर्टाला हिशोब देई आणि मूल २१ चं झालं की शेवटची पावती घेई. जॉनने १८१८ किंवा १८१९ ला ‘माझा सर्व हिस्सा पोचला’ असं लिहून दिलेलं मिळालं तर जन्मवर्षही ठरलं. बांधीव वही ही कारकुनाची नक्कल, सगळ्या सह्या त्याच्याच हाताच्या. सुट्या कागदांचं पाकीट मागवा: त्यात मूळ सही असते. एक जॉन सही करणारा आणि दुसरा फुली मारणारा निघाला तर याहून स्वच्छ फरक नाही.

थॉमसच्या मालमत्तेची यादी आणि लिलावाची यादीही घ्या. विधवा आणि मुलं घरातल्याच वस्तू परत विकत घेतात, त्यामुळे लिलावात कोणी काय घेतलं ते पाहिलं की कुटुंब उमगतं. केंटकीत या याद्यांमध्ये गुलाम केलेल्या माणसांची नावं आणि त्यांपुढे मांडलेली किंमत येईल. ती नावं वय आणि नात्यासकट पूर्ण उतरवून काउंटीच्या नावासह कुठेतरी उपलब्ध करा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण एवढंच असतं. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे नेणारं नाव बऱ्याचदा अशाच कागदात असतं.

दप्तरदार

दोन गोष्टी राहिल्या. फ्लेमिंग काउंटी १७९८ मध्ये मेसनमधून निघाली. त्याआधीचे कागद फ्लेमिंगला पाठवले गेले नाहीत, मेसनलाच राहिले. घर तेच, काउंटी बदलली. १८५६ ला फ्लेमिंगचा आणि मॉर्गनचा भाग तोडून रोवन झाली, तेव्हा मागे राहिलेली भावंडं तिकडे दिसतील. न्यूबेरी लायब्ररीचा काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह फुकट आहे, त्यात तारीख टाकून बघा. हायलँड १८०५ ची. ओहायोत प्रोबेट कोर्ट (मृत्युपत्र आणि वारसाची प्रकरणं पाहणारं) १८५१ च्या राज्यघटनेने आलं; त्याआधीची वारसाची प्रकरणं कॉमन प्लीज या काउंटीच्या सर्वसाधारण कोर्टात. जॉन १८५२ च्या आधी वारला असेल तर प्रोबेटच्या इंडेक्समध्ये कदाचित काहीच मिळणार नाही आणि कागदच नाहीत असा गैरसमज होईल.

मागे राहिलेल्या भावंडांचा एक फायदा: केंटकीत १८५२ पासून काही वर्षं काउंटीने जन्ममृत्यू लिहून घेतले. नोंदी अर्धवट आहेत, पण प्रौढाच्या मृत्यूपुढे आईबापांची नावं पुष्कळदा येतात. जॉनचा भाऊ किंवा बहीण त्या वर्षांत तिथे वारली असेल तर जॉनच्या आईचं नाव तिथून मिळू शकतं.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर नावाच्या शोधात जे येतं ते दप्तराचा लहानसा भाग. कॅटलॉगमध्ये काउंटीचं नाव घालून खंडांची यादी काढा आणि पानं उलटा. काही खंड घरून उघडत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात उघडतात. हस्तलिखित वाचणारा पूर्ण-मजकूर शोधही तिथे आहे. त्यात आडनावाऐवजी जामीन विल्यमचं नाव आणि ओढ्याचं नाव एकत्र टाकून बघा. यंत्र जुना लांब ‘एस’ ‘एफ’ म्हणून वाचतं, तेव्हा आडनावात दोन ‘एस’ असतील तर पहिल्याच्या जागी ‘एफ’ टाकूनही शोधा.

आणि जे खंड पाहून काही मिळालं नाही, तेही वर्ष आणि पान-क्रमांकासह लिहून ठेवा. दुसऱ्या जॉनला वगळायचं आहे ना, तिथे तीच वही लागणार आहे.

शोधयात्री

पालकाचे हिशोब आणि सुटे कागद फ्लेमिंग्सबर्गहून मागवतो. १८१६ ते १८२० च्या करयादीचा तक्ता आज रात्री लावून इथे टाकतो, दोन्ही जॉनच्या ओळी तुम्ही एकदा तपासा.