२८ एमएमच्या सैनिकांना शोभेल अशी स्वस्तातली रेल्वे?

घाटावरचा:
मंडळी मदत हवीये. पहिल्या महायुद्धातली हेजाझ रेल्वे (दमास्कस ते मदिना, तुर्कांची लाइन) टेबलावरच्या युद्धखेळासाठी करतोय, म्हणजे वाळवंटातली तुर्की चौकी, रूळ उडवायला आलेले अरब उंटस्वार वगैरे, सगळं २८ एमएममध्ये, म्हणजे सैनिक साधारण तेवढे उंच. फिगर्स रंगवून झाल्यात पण गाडीचं घोडं अडलंय. एचओचा (मॉडेल रेल्वेचा १:८७ स्केल, खऱ्याच्या ८७ पट लहान) एक सेट मागवला, इंजिन आणि दोन डबे, फोटोत झकास दिसत होता, पण डब्याच्या दारात तुर्की शिपाई धरला तर दार त्याच्या छातीपर्यंतच येतंय. त्याहून मोठ्या ओ स्केलच्या किमती बघून लॅपटॉप बंद केला. गाडी धावली नाही तरी चालेल, नुसती उभी राहू दे. बजेट दीड-दोन हजार.

रूळवेडा:
तो सेट परत करू नकोस! २८ एमएम म्हणजे साधारण १:५६. हेजाझची लाइन १०५० एमएम गेजची (दोन रुळांमधलं अंतर), भागिले ५६ केलं की पावणेएकोणीस एमएम येतात आणि एचओचे रूळ १६.५ चे, टेबलावर हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे रूळ आणि चाकं एचओची ठेव, फक्त वरची बॉडी मोठी हवी. आणि कुठलंही खेळणं घेताना खोक्यावरचा स्केल बघत बसू नकोस, दार मोज. दोन मीटरचं दार १:५६ मध्ये ३६ एमएम, एचओत जेमतेम २३, ओमध्ये ४६. पस्तीस ते चाळीसमधलं मिळालं तर डोळे झाकून घे, फिगरला पायाखालच्या बेसची उंची असतेच त्यामुळे थोडं मोठं खपून जातं.

तुळशीबागकर:
+१. खिशात पट्टी टाकून खेळण्यांच्या दुकानात जा, बॅटरीवाल्या गोल रुळावरच्या गाड्या बघ. स्केल असा काही नसतोच त्यांना, पण एखाद्या इंजिनाचा बॉयलर अगदी बरोब्बर बसतो. एक मात्र ऐक, रंगवायच्या आधी भांड्याच्या साबणाने धू, पॉलिश पेपर मार, मग प्रायमर. मी घाईघाईत थेट रंग दिला होता आणि दुसऱ्या दिवशी चिमणीवरचा काळा रंग नखाने सालीसारखा निघून आला, अख्खी दुपार वाया.

सनबोर्ड:
डबे विकत घेऊच नको रे. एचओच्या डब्याचं वरचं खोकं काढ, खालच्या चाकांवर सनबोर्डची पट्टी, त्यावर आइस्क्रीमच्या काड्या आडव्या चिकटव, झाला उघडा वॅगन. कडेने एम-सीलच्या वाळूच्या गोण्या रचायच्या, ओल्या असतानाच जुन्या मलमलीचा तुकडा दाबला की गोणपाटाची वीण उमटते. मी असे तीन केले, सगळ्यात भारी गोण्याच दिसतात.
आणि हेजाझ करतोच आहेस तर पुढे हैफाची लढाई पण कर ना, २३ सप्टेंबर १९१८, आपले जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्स, म्हणजे भालेवाले घोडेस्वार! सीरियातल्या दारा गावाहून निघालेली हेजाझचीच फांदी हैफाला येते, म्हणजे हीच गाडी तिथेही चालेल.

घाटावरचा:
रूळवेडा, मोजलं, दार २३ एमएमच निघालं. डब्यांची खोकी आत्ताच काढली, चाकं शाबूत आहेत. रविवारी इंजिनासाठी पट्टी घेऊन बाजारात. सनबोर्ड, गोण्यांचा फोटो टाक ना, जवळून घेतलेला.