गावची गाडी वर्षभर उभी असते, पण रात्री-अपरात्री एका चावीत सुरू व्हायला हवी. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात. मी नोकरीनिमित्त डोंबिवलीत, घरी आई एकटी. २०११ची पेट्रोल वॅगन-आर गावीच ठेवलेली आहे. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले थोडे दिवस सोडले तर ती पडवीलगतच्या शेडमध्ये उभीच असते.

नातेवाईक म्हणतात, विकून टाक. पण आईला दम्याचा त्रास आहे आणि मोठा दवाखाना चिपळूणला. आमच्या वाडीतून तिथे पोचायला तासाच्या वर लागतो आणि रात्री रिक्षासुद्धा मिळत नाही. शेजारच्या काकांचा मुलगा गाडी चांगली चालवतो, हाक मारली की येतो. त्यामुळे गाडी ठेवायची हे नक्की आहे. ती कशी ठेवायची, एवढंच विचारायचं आहे.

मुख्य अडचण बॅटरीची. एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं, निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. त्याने बॅटरी टिकेल, पण रात्री दोन वाजता पाऊस कोसळत असताना, आईला धाप लागलेली असताना, त्या मुलाने बॉनेट उघडून पाना शोधत बसायचं का? दुसऱ्यांनी सांगितलं, आईला रोज दहा मिनिटं नुसती चालू करायला सांगा. आईला गाडी येत नाही, आणि गिअर पडलेला असताना तिने चावी फिरवली तर, या विचारानेच मला नको वाटतं.

दुसरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की सीट बेल्टवर आणि सीटच्या कापडावर पांढरी बुरशी धरते. कव्हर घातलं तर जास्तच. हँडब्रेक लावून ठेवला की मागची चाकं धरून बसतात. उंदीर आहेतच. आणि आता सगळीकडे ई-२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं, ते महिनोन्‌महिने टाकीत ठेवणं कितपत बरं?

तिसरं, कागदपत्रं. ऑगस्ट २०२६मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. एमएच-०८ पासिंग आहे. मेहुण्यांचं म्हणणं, पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते. खरं आहे का?

जाणकारांनी कृपया सांगावं. आईला किंवा त्या मुलाला करता येतील असेच उपाय सुचवा.

प्रतिसाद १

माझं चिपळूण भागात बरीच वर्षं गॅरेज आहे. मुंबईकरांच्या उभ्या गाड्या हे आमचं गणपतीआधीचं मोठं काम, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी बंद असली तरी घड्याळ, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेंट्रल लॉक हे थोडा करंट खातच असतात. समजा ४० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. तुमच्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे महिन्याभरात ती झोपणार. शिवाय लेड-अॅसिड बॅटरी अर्धी उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि मग चार्ज करूनही पूर्वीसारखी होत नाही. व्होल्ट मोजायला साधा मल्टिमीटर आणून द्या. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम, १२.४च्या खाली गेलं की चार्जिंगला लावायची, १२.० म्हणजे संपल्यात जमा.

दहा मिनिटं उभ्याउभ्या चालू करण्याचा सल्ला सोडून द्या. स्टार्टरने जे घेतलं ते आयडलिंगवर धड भरून येत नाही. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, ऑइलमध्येही ओल राहते.

तुमच्या गरजेला दोन गोष्टी लागतील. पहिली, ऑटोमॅटिक मेंटेनर चार्जर, म्हणजे बॅटरी भरली की आपोआप थांबणारा आणि उतरली की पुन्हा सुरू होणारा. जुना साधा चार्जर कायम लावून ठेवू नका, तो बॅटरी उकळवतो. शेडमध्ये अर्थिंग असलेला प्लग हवा. मेंटेनरची वायर बॅटरीवर कायमची बसवून मिळते. गाडी काढताना फक्त बाहेरचा कनेक्टर ओढायचा, पाना लागत नाही. वीज गेली तरी आली की तो पुन्हा कामाला लागतो. दुसरी, त्या मुलाला आठवड्यातून एकदा वीसेक किलोमीटर फिरवून आणू दे. त्याने टायर, ब्रेक, गिअरबॉक्स, एसी सगळ्यालाच फायदा. एसी त्या वेळी दहा मिनिटं लावायचाच, नाहीतर कॉम्प्रेसरचं सील सुकतं आणि गॅस निघून जातो. बुरशीवरही एसी चांगला.

हँडब्रेक लावू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ओट लावा. शेडला वारा लागू दे, प्लॅस्टिकचं कव्हर फेकून द्या. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा तीन-चार पौंड जास्त ठेवली की एकाच जागी चपटा होत नाही. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगला समजू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर रात्रीच्या प्रवासाला मी तरी वापरणार नाही.

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण घर करते, उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात. दोन्हीकडे बारीक जाळी लावा. सायलेन्सरची जाळी काढायची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर थांबलेला मी पाहिलेला नाही.

पेट्रोलचं म्हणाल, तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. तुमची गाडी ई-२० यायच्या आधीची, रबरी पाइप वर्षातून एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, आत दमट हवेला जागाच उरत नाही. आठवड्याला फेरी होत असेल आणि टाकी पुन्हा भरत राहिलात तर पेट्रोल थोडंथोडं ताजं होत राहील. आणि ऑइल किलोमीटर न बघता वर्षाला बदला.

प्रतिसाद २

मेहुण्यांचा गोंधळ दिल्लीच्या नियमामुळे झालाय. दहा वर्षांचं डिझेल, पंधरा वर्षांचं पेट्रोल ही बंदी दिल्ली-एनसीआरसाठी होती. आपल्याकडे खाजगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मुदतीच्या आधी ६० दिवसांपासून फॉर्म २५, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज, भरता येतो. एप्रिल २०२२पासून कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असल्याने एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट, हे तिन्ही आधी करून ठेवा. ऑगस्टची वाट बघू नका. ऐन पावसात गाडी रत्नागिरीला नेण्यापेक्षा आरटीओचं शिबिर चिपळूणला कधी असतं ते विचारून घ्या.

प्रतिसाद ३

विम्याबद्दल. गाडी उभीच असते म्हणून लोक फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या भरपाईपुरता विमा, काढतात. मला ते पटत नाही. जुलै २०२१च्या पुरात चिपळुणात किती गाड्या उभ्या जागी बुडाल्या ते आठवा. झाड पडणं, आग, चोरी यांनाही ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमाच लागतो. कमी चालणाऱ्या गाडीला किलोमीटरनुसार हप्ता ठरवणारं अॅड-ऑन (जोड संरक्षण) मिळतं, विमा नियामक आयआरडीएआयने २०२२मध्ये त्याला परवानगी दिली. नूतनीकरण ९० दिवसांच्या पुढे गेलं तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. कनेक्टर ओढायचा आणि निघायचं, हे आईलासुद्धा दाखवता येईल. शेडमध्ये अर्थिंगचा पॉइंट याच महिन्यात काढून घेतो. टायरवरचे आकडे काकांच्या मुलाला फोटो काढून पाठवायला सांगितले आहेत.

आता चिंता त्या मुलाची. तो दर आठवड्याला माझ्यासाठी गाडी काढणार. त्याला काही झालं तर माझ्या पॉलिसीतलं पंधरा लाखांचं अपघात संरक्षण त्याला मिळेल का?

प्रतिसाद ३

नाही. ते फक्त मालकालाच मिळतं, गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाला नाही. त्याचं लायसन्स चालू असेल आणि तुमच्या संमतीने चालवत असेल तर गाडीचं नुकसान आणि समोरच्याची भरपाई पॉलिसीत येते, पण त्याला स्वतःला झालेली इजा त्यात धरू नका. त्याच्या नावावर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा आणि हप्ता तुम्ही भरा. आई बरोबर बसणार, म्हणून तुमच्या पॉलिसीत प्रवाशांचं अपघात संरक्षणही जोडून घ्या. गाडी त्याच्या हाती द्यायच्या आधी दोन्ही कागद हातात असू द्या.