कमल बस्ती व्हीआरमध्ये करायलोय, पण हेडसेट घातला की लोकांना गरगरतंय. काय करू?

माडीवरचा_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत माडीवरच्या एका खोलीत आम्ही तिघं मिळून छोटा स्टुडिओ चालवतोय, एआर (फोनमधून खऱ्या जागेवर दिसणारं चित्र) आणि व्हीआरचे (हेडसेट घालून आत शिरायचं जग) गेम आणि जमेल तशी कला. मी कोडिंग बघतो, एक मित्र ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी मॉडेल करतो आणि आमची ताई पेंटर आहे, ती हेडसेट घालून ओपन ब्रश या ॲपमध्ये हवेत चित्रं काढते. वर्षभर एकच काम मनापासून धरलंय, आपल्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, हेडसेटमध्ये उभी करायची. १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली बस्ती, आणि माझ्याच वर्गातली कितीतरी पोरं आत एकदाही गेलेली नाहीत, बाहेरून गाडीवरून जातात नुसती.

मागच्या महिन्यात शहापुरात ओळखीच्या घरी डेमो दिला, तर तिथल्या काकू दोन मिनिटात हेडसेट काढून भिंत धरून बसल्या, घाम फुटला त्यांना, मला लई वाईट वाटलं. रस्त्यावरून जॉयस्टिकनं चालत दारातून आत जायचं असं ठेवलंय. क्वेस्ट ३ या हेडसेटवर सेकंदाला ५० फ्रेमच्या वर जाईना. दुसरी अडचण छतावर कोरलेल्या कमळाची. सहाशे फोटो काढून फोटोग्रामेट्री (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल) केली तरी पाकळ्या एकमेकीत घुसल्यात आणि काळे खांब मेण वितळल्यासारखे दिसायलेत. आणि घरचे रोज विचारतात यात पैसा कुठाय म्हणून, त्याचंही कुणी सांगितलं तर बरं होईल.

उद्यमबाग_सिम

भावा, काकूंचं आधी बघ, बाकीचं नंतर. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवर उभे आहोत, या भांडणातनं गरगरतंय. त्यात फ्रेम पडल्या की मान फिरवल्यावर चित्र मागनं येतंय, मग झालंच. जॉयस्टिकनं सरकणं काढून टाक. बोट दाखवलं त्या जागी एकदम पोचायचं असं टेलिपोर्ट ठेव, नाहीतर त्याहून चांगलं म्हणजे चालवूच नको. बस्तीत बघायचं ते वर आहे की, मग माणसाला खुर्चीवर बसव आणि मान वर करू दे. रस्ता, दार, बाहेरचा आवार सगळं काढ, तुझं निम्मं वजन तिथंच जाईल.

फ्रेमचं गणित सोपं आहे. सेकंदाला ७२ फ्रेम पाहिजेत म्हणजे एका फ्रेमला साधारण १३.९ मिलिसेकंद, त्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं बसवायची, आणि आत चिप मोबाईलचीच आहे हे विसरू नको. उजेड लाईव्ह ठेवू नको, टेक्स्चरमध्ये बेक कर, म्हणजे सावल्या आधीच पृष्ठभागाच्या चित्रात रंगवून ठेव, गाभाऱ्याकडचा अंधार तर बेक करूनच खरा वाटतो. मटेरियल (पृष्ठभागाचा रंग, चमक) कमी कर, सगळ्या खांबांना एकच.

एक चूक मी स्वतः केलेली सांगतो. फाउंड्रीतल्या नव्या कामगारांसाठी लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) ओतायचं व्हीआर ट्रेनिंग बनवताना सगळी बारीक झीज नॉर्मल मॅपवर, म्हणजे सपाट पृष्ठभागावर खोलीचा नुसता भास देणाऱ्या चित्रावर, काढली. स्क्रीनवर झकास, हेडसेटमध्ये वॉलपेपर चिकटवल्यासारखं. दोन डोळ्यांनी बघतो म्हणून जवळची खोली लगेच पकडली जाते. हाताच्या अंतरावरचं कोरीव खरं मॉडेल कर, लांबचं नॉर्मल मॅपवर ढकल.

पैशाचं विचारलंस म्हणून सांगतो, आमचं घर या ट्रेनिंगवरच चालतं. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप ढीगभर आहेत, वितळलेल्या लोखंडाजवळ नवीन पोराला उभं करायच्या आधी तो एकदा चुकून बघू दे, हे मालकाला लगेच पटतंय. आठवड्यातले चार दिवस हे काम करा आणि दोन दिवस बस्ती. त्यात कमीपणा काही नाही.

खानापूरचा_कॅमेरा

माडीवरचे, फोटोग्रामेट्रीचा घोळ कुठं झालाय ते मला तुमचं वाचूनच कळलं, खानापूरजवळच्या हलशीला नरसिंहाच्या देवळात मी हेच भोगलंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत बघा.

खांब काळे आणि घोटून गुळगुळीत केलेले, त्यामुळं त्यावरची चकाकी तुमच्याबरोबर सरकते. सॉफ्टवेअरला वाटतं तो दगडावरचाच ठिपका आहे, पुढच्या फोटोत तो दुसरीकडे, मग पृष्ठभाग वितळतो. ढगाळ दिवशी जा, पावसाळ्यातली सकाळ तर सोनं आहे, कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) एकच लॉक करा.

कमळाचं दुखणं वेगळं, तिथं पाकळी पाकळीसारखीच दिसते. गोल फिरत फोटो काढले की सॉफ्टवेअर सातव्या पाकळीला अठरावी समजतंय. म्हणून जमिनीवर, दगडाला काही न चिकटवता, वेगवेगळे नंबर छापलेले कागद ठेवा आणि सुरुवातीच्या फोटोंत छत आणि ते कागद दोन्ही येतील असं बघा. एका फोटोचा ७०-८० टक्के भाग पुढच्यात यायला पाहिजे. आधी मधलं कमळ, मग कडेला सरका, उड्या मारू नका.

परवानगीचं मात्र चुकवू नका. ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याच्या धारवाड सर्कलला लेखी अर्ज करा. किल्ल्याला लागून मिलिटरी आहे, ड्रोन तर काढूच नका. आणि ती चालती पूजा असलेली जागा आहे, तिथल्या माणसांना आधी बसून दाखवा काय करताय ते. मी चहा पीत अर्धा तास बोललो होतो, नंतर त्यांनीच पुढचे दिवे बंद करून दिले.

गल्लीतला_देखावा

दादा, आमच्या मंडळानं गेल्या गणपतीला एआर केलेलं, पोस्टर स्कॅन केलं की फोनवर गड उभा राहायचा. दुपारी मस्त चाललं. रात्री लुकलुकणाऱ्या एलईडीत पोस्टर ओळखीनाच, वर ग्लॉसी पेपर. मॅट पेपर घ्या आणि त्यावर एक स्थिर दिवा सोडा. ॲप टाकायला लावू नका, रांगेतलं कोण टाकत नाही, ब्राउझरमध्येच उघडू दे, मॉडेल ५ एमबीच्या आत ठेवा कारण गर्दीत नेटवर्क मरतंय. आणि आवाज मराठी कन्नड दोन्हीत द्या, आमच्या रांगेत दोन्ही घरची पोरं होती, आपापल्या भाषेत ऐकून एकमेकाला सांगायली होती ते बघून लई बरं वाटलं.

माडीवरचा_स्टुडिओ

सगळ्यांचे मनापासून आभार. रस्ता, दार, जॉयस्टिक काढलं, उजेड बेक केला, आता ७२ ला स्थिर आहे. फोटो परत काढायचेत, अर्ज लिहायला घेतलाय, कन्नड आवाजासाठी ताईची मैत्रीण तयार झालीय.

काल परत शहापुरात गेलो. काकू नकोच म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई पुढं आल्या. मानेचा त्रास आहे त्यांना, वर बघवत नाही, म्हणून प्लास्टिकची खुर्ची मागं भिंतीला टेकवली, डोक्याखाली उशी दिली आणि आत छत थोडं पुढं कललेलं ठेवलं. आजी दहा मिनिटं हलल्या नाहीत. मग हात वर करून हवेत बोटानं पाकळ्या मोजायला लागल्या, मध्येच चुकल्या की परत पहिलीपासून. उद्यमबाग दादा, त्यांचा हात पुढं आला तेव्हा कळलं, मधलं कमळ खरं मॉडेलच करायला पाहिजे. ते काम आज सुरू केलंय.