‘वैयक्तिक इजा’ म्हणजे नक्की काय? अपघातानंतरच्या कागदांतले शब्द

गिरणगावकर

परळच्या एका रुग्णालयात आम्ही चार-पाच जणी नातेवाइकांना कागदपत्रांत मदत करतो. अपघाताचा रुग्ण आला की पुढे काय करायचं, याचं मराठी पत्रक करायला घेतलंय. मूळ मजकुरात पहिल्याच ओळीत ‘पर्सनल इंज्युरी क्लेम’ आहे आणि कुणीतरी त्याचं ‘वैयक्तिक इजा दावा’ करून ठेवलंय. वॉर्डाबाहेर बसलेल्या एका मावशींना मी ते वाचून दाखवलं. त्यांच्या मुलाला पूर्व द्रुतगती महामार्गावर टेम्पोने उडवलंय, पायात सळी घातली आहे. मावशी म्हणाल्या, “वैयक्तिक म्हणजे घरातलं भांडण ना? आमचं तसं काही नाही हो. गाडीने उडवलंय त्याला.”

त्यांचं काही चुकलं नाही, चूक आमच्या शब्दाची आहे. तर काय लिहावं? शिवाय इजा, दुखापत, जखम यांतलं कुठलं घ्यायचं? आणि ‘मदत’, ‘मोबदला’, ‘भरपाई’ हे तिन्ही शब्द आमच्या पत्रकात एकाच अर्थाने आलेत, ते चालेल का?

जुना कारकून

ताई, मावशींचं बरोबर आहे. मराठीत ‘वैयक्तिक’ म्हटलं की खासगी हाच अर्थ आधी येतो. मुळात तिथे सांगायचंय ते शरीराबद्दल: मालमत्तेची नव्हे, देहाची हानी. म्हणून ‘शारीरिक इजा’ म्हणा. अशा दाव्यांच्या कायद्याला पुस्तकी मराठीत ‘अपकृत्य’ हा शब्द आहे, पण तो पत्रकात नको. आपल्याकडे सगळ्या अपघातांना मिळून एकच कायदा नाही. रस्त्यावर झाला तर मोटार वाहन कायदा, 1988. गाडीतून पडला तर रेल्वे कायदा, 1989. कामावर असताना झाला तर कामगारांसाठीच्या तरतुदी वेगळ्या. त्यामुळे ‘अपघात कुठे झाला?’ हाच पत्रकाचा पहिला प्रश्न असू द्या.

आता दुखापत. मी पोलीस ठाण्यात 30 वर्षं लिहिण्याचं काम केलं. फिर्यादीतलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने, अविचाराने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून फिर्यादीस दुखापत केली.’ जखम डोळ्यांना दिसते. इजा हा मोघम शब्द आहे, मुका मारही त्यात येतो. ‘दुखापत’ मात्र कायद्याचा शब्द आहे आणि ‘गंभीर दुखापत’ त्याहून काटेकोर. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये तिचे प्रकार दिलेत. हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं, किंवा 15 दिवस तीव्र वेदना होणं अथवा रोजची कामं करता न येणं, हे सगळं त्यात येतं. जुन्या दंडसंहितेत हेच 20 दिवस होते.

म्हणजे बघा, एक दात पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीचा पेपर ‘किरकोळ जखमी’ म्हणतो, कायदा ‘गंभीर दुखापत’ म्हणतो. आणि त्यावर पैसे ठरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चालकाची चूक सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला 5 लाख मागता येतात. धडक देऊन पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख. पत्रकात पेपरातला ‘किरकोळ’ शब्द येऊच देऊ नका.

काळा कोट

मी दावे चालवतो, म्हणून ‘भरपाई’बद्दल जरा सविस्तर लिहितो. तिन्ही शब्द एका अर्थाने अजिबात वापरू नका.

‘मदत’ देणाऱ्याच्या मनावर असते. सरकारी भाषेत तिलाच ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. कृपा मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. मोठा अपघात झाला की संध्याकाळपर्यंत ‘वारसांना मदत जाहीर’ अशी बातमी येते आणि घरच्यांना वाटतं, मिळायचं ते मिळालं. माझ्याकडे वर्षाने आलेली माणसं आहेत, केवळ या एका शब्दामुळे थांबलेली. मदत घेतली तरी दावा राहतो, हे ठळक छापा.

‘मोबदला’मध्ये देवघेव आहे. जमीन दिली, काम केलं, त्याचा मोबदला मिळाला. पाय कुणी विकायला काढलेला नसतो. तो शब्द काढूनच टाका.

‘भरपाई’त भरणं आहे. जे रितं झालं ते भरून द्यायचं. म्हणून तिचा हिशेब होतो आणि तो हिशेब मागायचा हक्क असतो. पण हिशेबातही एका शब्दाने घोटाळा होतो: अपंगत्व. दाखल्यावर ‘40 टक्के’ लिहिलेलं असतं आणि लोक समजतात की कमाईही 40 टक्केच बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हे नीट उलगडून सांगितलं. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण जाते. तोच माणूस सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. हात तोच, टक्के तेच, नुकसान वेगळं. म्हणून पत्रकात ‘अपंगत्वाचे टक्के’ आणि ‘कमाईची बुडालेली ताकद’ असे दोन स्वतंत्र शब्द ठेवा.

मग येतो ‘गुणक’. वयानुसार ठरलेला आकडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालातल्या तक्त्यात 26 ते 30 वयाला 17, 51 ते 55 ला 11. महिना 15 हजार कमावणारा 28 वर्षांचा मुलगा असेल तर वर्षाचे 1,80,000 गुणिले 17, म्हणजे 30,60,000. कमाईची ताकद 40 टक्के गेली असेल तर 12,24,000. दवाखान्याचा खर्च, सांभाळायला ठेवलेलं माणूस, सोसलेल्या वेदना, हे त्याच्यावर.

बोरिवली फास्ट

रेल्वेचं मी सांगते, रोज विरार लोकलने जाते. कायद्यातल्या ‘अनटुवर्ड इन्सिडंट’चं भाषांतर कुणी ‘अनुचित प्रकार’ करू नये. आपल्याकडे ‘बंदोबस्तात कुठेही अनुचित प्रकार घडला नाही’ असं म्हणतात, म्हणजे दंगा, गोंधळ. दारातून गर्दीने ढकललेला माणूस काही अनुचित करत नव्हता. सरळ ‘गाडीतून पडणे’ लिहा.

याहून महत्त्वाचे ते पंचनाम्यातले शब्द. ‘रुळालगत जखमी अवस्थेत मिळून आला.’ मिळून आला, म्हणजे कसा? पडला, की रूळ ओलांडत होता? पडला असेल तर रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही, मृत्यूला 2017 पासून 8 लाख आहेत. रूळ ओलांडताना उडवलं असेल तर ‘गाडीतून पडण्या’च्या कलमाखाली काही नाही. तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही आणि चढता-उतरताना निष्काळजीपणे पडणं म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय. मुदत एक वर्षाची. म्हणून सोबतच्या प्रवाशाचा जबाब त्याच दिवशी लिहून घ्यायला सांगा, आणि त्यात ‘पडला’ हे क्रियापद असलंच पाहिजे.

गिरणगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मिळून आला’ वाचून अंगावर काटा आला, हे शब्द असलेले किती कागद मी नुसते फायलीत लावलेत.

आणखी एक. ‘काँट्रिब्युटरी निग्लिजन्स’ला आमच्याकडे ‘योगदानात्मक निष्काळजीपणा’ लिहिलंय.

जुना कारकून

योगदान चांगल्या कामात असतं, ताई. पुस्तकात ‘अंशदायी’ म्हणतात. तुम्ही ‘दोघांचीही चूक’ लिहा आणि पुढे जोडा: आपल्या चुकीच्या हिश्शाएवढी रक्कम कापली जाते, सगळी नाही.

गिरणगावकर

आज दुरुस्त केलेलं पत्रक पुन्हा मावशींना वाचून दाखवलं. ‘भरपाई’पाशी त्यांनी थांबवलं. कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. टेम्पोवाल्याच्या माणसाने तिसऱ्या दिवशी 20 हजार देऊन अंगठा घेतलाय. मजकूर असा: ‘सर्व रक्कम भरून पावलो, यापुढे आमची काही तक्रार नाही.’ मावशींना वाटलं, ती पैशाची पावती आहे. काका, यांचा दावा गेला का?

काळा कोट

नाही. अशा खासगी कागदाने दावा आपोआप बुडत नाही. घेतलेले 20 हजार मात्र लपवायचे नाहीत, अर्जातच सांगायचे. ‘भरून पावलो’ हे शब्द पत्रकात मोठ्या अक्षरात घ्या आणि खाली लिहा: हे वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसतं, तिथेही आकडा समजून घेऊनच सही.

आणि अपघाताची तारीख बघा. 1 एप्रिल 2022 पासून मोटार दाव्याला सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. मावशी गावी राहत असतील तर तिकडच्या न्यायाधिकरणातही, म्हणजे मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टातही, अर्ज चालतो.

गिरणगावकर

गाव संगमेश्वर. अपघाताला आज चार महिने आणि नऊ दिवस झाले. सोमवारी त्यांना घेऊन येते, तो कागदही आणते.