ऐतिहासिक कादंबरीकाराला तुम्ही टाकलेलं पत्र, आणि त्यांचं उत्तर

रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’च्या आरंभी नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे. शिवाजी महाराजांकडे कसं पाहावं, कोणत्या साधनावर किती विसंबावं, हे एका अभ्यासकाने कादंबरीकाराला मोकळेपणाने लिहिलंय. मला ते पत्र कादंबरीइतकंच प्रिय आहे. कुरुंदकरांचा व्यासंग आपल्यापाशी कुठला असायला, पण पुस्तक मिटल्यावर राहवलं नाही म्हणून लेखकाला पत्र टाकलं, असं आपल्यातल्या पुष्कळांनी केलं असेल. इतिहासावरच्या कादंबरीला येणारी पत्रं जरा निराळी असतात. त्यातली माणसं एकट्या लेखकाची नसतात. कुणाचे ते पूर्वज असतात, कुणाच्या गावचा तो गड असतो.

तर लिहा. काय विचारलंत, काय उत्तर आलं, आलंच नाही तर तेही. लेखकांची नावं नकोत आणि खाजगी पत्रं जशीच्या तशी उतरवू नका, आशय पुरे.

एक वाचक, सांगली

माझे वडील पंचांगाचे जाणकार होते. पानिपतावरच्या एका कादंबरीत लढाईच्या दिवशी छावणीत संक्रांत असल्याचा प्रसंग होता. वडिलांनी लेखकांना जोडकार्ड पाठवलं. १४ जानेवारी १७६१ ला पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, हे बरोबर. पण संक्रांत कायम १४ जानेवारीला नसते, साठ-सत्तर वर्षांत ती एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. त्याच्या मागे शंभर वर्षं जा, शिवाय १८०० साली इंग्रजी कॅलेंडरात लीपचा दिवस धरला नव्हता तो हिशेबात घ्या, की संक्रांत ९-१० जानेवारीवर येते. म्हणजे लढाईच्या दिवशी ती होऊन गेलेली होती.

जोडकार्डाचा उत्तराचा भाग आठवड्याभरात परत आला. त्यात आभार तर होतेच, पण खाली एक प्रश्न होता: त्या रात्री चंद्र किती वेळ होता? वडील एकदम खुलले. शुद्ध अष्टमीचा चंद्र साधारण मध्यरात्री मावळतो, तेव्हा पळणाऱ्या माणसांना अर्धी रात्र उजेड मिळाला आणि पुढे किट्ट काळोख, असं त्यांनी उलट टपाली कळवलं. पुढच्या आवृत्तीत संक्रांतीचा उल्लेख गेला. पळापळीच्या प्रसंगात मात्र चार नव्या ओळी आल्या: चंद्र मावळल्यावर एक बाई मुलाला हाका मारत उभी राहते, कारण आता तिला पुढची वाट दिसत नाही. वडिलांनी ते पान किती जणांना वाचून दाखवलं असेल! चूक दाखवणारे खूप असतात. त्या चुकीतून लेखकाला पुढे काहीतरी मिळावं, हे भाग्य वडिलांच्या वाट्याला आलं.

गडांवर फिरणारा, पुणे

एका नव्या कादंबरीत राजगडाच्या संजीवनी माचीवरून सूर्योदय बघत मावळे बसलेले. सूर्य उगवतो सुवेळा माचीच्या अंगाला. संजीवनी पश्चिमेकडची, तोरण्याच्या बाजूला पसरलेली. मी ईमेल केला, पहाटेचे फोटोही जोडले. लेखिकेचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, त्यात त्यांनी माचीचा चढ, वारा, पाण्याची टाकी याबद्दल इतकं विचारलं की शेवटी आम्ही एकत्रच गड चढलो. चढताना त्या दर थांब्याला वहीत वेळ लिहीत होत्या, कारण निरोप घेऊन जाणाऱ्या जासुदाला किती वेळ लागेल ते त्यांना पावलांनी मोजायचं होतं.

निवृत्त शिक्षिका, नागपूर

पेशवाईवरच्या एका कादंबरीत वाड्यातली एक कुणबीण, म्हणजे विकत घेतलेली दासी, आहे. चार-पाच प्रसंगांत येते आणि नाहीशी होते. तिचं पुढे काय झालं, या विचाराने मी बेचैन झाले होते, म्हणून लेखकांना आंतरदेशीय पत्र लिहिलं.

त्यांनी कळवलं की ती काल्पनिक आहे, पण अगदी हवेतून आणलेली नाही. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या नोंदी सापडतात: नाव, अंदाजे वय, किती रुपयांना घेतली. बस्स. पुढे काही नाही. अशाच एका नोंदीतलं नाव त्यांनी उचललं होतं, आणि कागद जिथे थांबला त्याच्या फार पुढे तिला न्यायला त्यांचा हात धजला नाही.

यावर मी त्यांच्याशी पत्रातून भांडले. सरदारांच्या मनातले विचार, राण्यांचे संवाद तुम्ही पानंच्या पानं लिहिता. तेही कागदांत नाहीत, मग हा संकोच नेमका तिच्याच बाबतीत का? त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं की हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नव्हता. माझं मत आजही तेच आहे. जिच्याबद्दल दप्तरात एकच ओळ आहे, तिला कादंबरीकाराने जास्त द्यायला हवं.

नाव नको

दोनदा पत्र पाठवलं, उत्तर नाही. नंतर कळलं, लेखक त्या काळात आजारी होते. एवढंच. तरी लिहिल्याचं समाधान आहे.

एक वाचक, वाई

आमच्या माळ्यावर एका पेटीत मोडीतले कागद होते, कापडी रुमालात बांधलेले. घरात कुणाला मोडी येत नाही. नुकतीच एक कादंबरी वाचली होती, तिच्या मनोगतात लेखकाने मूळ कागद वाचल्याचं लिहिलं होतं, म्हणून प्रकाशकांच्या पत्त्यावर त्यांनाच विचारलं.

उत्तर आलं ते आधी सूचनांचं. लॅमिनेशन करू नका. सेलोटेप लावू नका. घड्या जोर लावून उलगडू नका. फोटो काढून भारत इतिहास संशोधक मंडळात दाखवा. आणि मग त्यांनी एक गंमत शिकवली. मी पाठवलेल्या एका फोटोत वरच्या बाजूला ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशी अक्षरं एका ओळखीच्या माणसाने लावून दिली होती. हे शुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या एका कालगणनेचे, अरबी आकडे: एक, साठ, शंभर, हजार. म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं. आलं १७६०-६१. पानिपताचं साल!

अंगावर काटा आला. कागदात लढाईचा उल्लेख असेल अशी खात्रीच वाटली. वाचून घेतल्यावर निघाला एका विहिरीच्या पाण्याचा वाद, दोन भावांमधला. हे लेखकांना कळवलं तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. तिकडे एवढं रण पेटलेलं आणि इकडे कृष्णाकाठी दोघे भाऊ पाण्याच्या पाळीवरून पंचांपुढे उभे, हेच त्यांना हवं होतं. लढायांचे कागद छापले जातात, विहिरींचे माळ्यावर राहतात, असं ते म्हणाले. त्यांच्या पुढच्या पुस्तकात ते दोन भाऊ आहेत, नावं बदलून.

एका लेखकांची भाची

मामा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायचे. त्यांच्या अखेरच्या वर्षांत डोळे साथ देईनात, तेव्हा पत्रं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. वरची पत्रं वाचून ते सगळे दिवस आठवले.

स्तुतीची पत्रं मामा ऐकायचे आणि बाजूला ठेवायला सांगायचे. चुकांची पत्रं मात्र त्यांच्या स्वतःच्या प्रतीत, त्या-त्या पानात घालून ठेवायची, असा नियम होता. प्रत इतकी फुगली की तिला नाडी बांधावी लागली. एक प्रश्न फार यायचा: ‘महाराज खरंच असं म्हणाले होते का?’ त्याचं उत्तर ते दर वेळी नव्याने सांगायचे, छापील मजकूर कधी पाठवला नाही. संवाद माझे आहेत, प्रसंग कुठून घेतला ते सांगतो, असं म्हणून साधन कळवायचे. सभासद बखरीतलं असेल तर हेही लिहायला लावायचे की ती महाराजांच्या पश्चात, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली आहे, तेव्हा तीही आठवणीतूनच उतरलेली.

एक विनंती आहे. पत्रात आवृत्ती आणि पान नंबर जरूर लिहा. ‘मधे कुठेतरी घोडा काळा आहे आणि नंतर पांढरा’ एवढ्यावर आम्ही दोघांनी पूर्ण दुपार शोधलं होतं. सापडला!

एक वाचक, सातारा जिल्हा

माझा अनुभव कडू आहे आणि अजून संपलेला नाही. आमच्या मूळपुरुषाला एका कादंबरीत फितूर दाखवलंय, नावानिशी. पुस्तक आल्यावर गावात, सोयरिकीत, सगळीकडे तोच विषय.

रागाने लिहिलेल्या पत्राला लेखकांनी शांतपणे, चार पानी उत्तर दिलं. १६८९ नंतर, संभाजी महाराजांच्या हत्येनंतर, एकीकडून मोगल आणि दुसरीकडून जिंजीहून राजाराम महाराज, दोघेही वतनांचे कागद देत होते. त्या ओढाताणीत कितीतरी देशमुख घराण्यांनी बाजू बदलल्या, काहींनी पुन्हा बदलल्या. यात आमच्याच पूर्वजाला वेगळं काढण्याचा हेतू नव्हता, असं त्यांचं म्हणणं. ते मला पटतं. मग सगळ्यांनीच केलं तर फितूर हा शिक्का एकाच माणसावर का? कादंबरी त्याला पैशासाठी हसताना दाखवते. ते हसणं कुठल्या साधनात आहे? याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आमच्याकडे एक महजर, म्हणजे जुना निवाड्याचा कागद, आहे, त्यात तो पुन्हा स्वराज्याकडे आल्याचं गोतसभेपुढे, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावकरी-वतनदारांच्या सभेपुढे, सांगितलेलं आहे. लेखकांनी तो पाहायला मागितलाय. शिक्के आणि साक्षीदारांची नावं नीट वाचता यावीत म्हणून भावाकडून चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घेतोय. या आठवड्यात पाठवीन आणि काय उत्तर येतं ते इथे लिहीन.