कँटन फेअरनंतर ग्वीलिन-यांगशुओ: मेट्रो, रेल्वे, बसने जमेल का?

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. कँटन फेअर या व्यापारी मेळ्याच्या तिसऱ्या टप्प्याला (१ ते ५ मे) चीनमध्ये ग्वांगझौला जातोय, सोबत सौ. आहेत. फेअर आटोपल्यावर चार दिवस ग्वीलिन आणि यांगशुओ बघायचं आहे. एजंट गाडी-ड्रायव्हर-गाइड असं पॅकेज देतोय, पण आकडा ऐकून घाम फुटला. चिनी भाषेचा गंध नाही. हॉटेल पाझौ भागात, फेअरच्या जवळच आहे.

१) पाझौहून रेल्वे स्टेशन कसं गाठायचं? ग्वांगझौत स्टेशनं बरीच दिसतात.
२) आधी ग्वीलिन की आधी यांगशुओ?
३) तिकिटं कुठून, किती आधी काढायची?
४) रोख न्यायची की मोबाइलवर भागतं?

रुळावरचा_वारकरी

दादा, पॅकेज विसरा. हा मार्ग चीनमधल्या सोप्या मार्गांपैकी आहे. घोळ होतो तो स्टेशनच्या नावांत आणि तारखांत.

तारखांचं आधी. १ मेपासून चीनमध्ये कामगार दिनाची सुट्टी असते, साधारण ५ तारखेपर्यंत. म्हणजे तुमचा टप्पा आणि त्यांची सुट्टी एकाच वेळी. १ मेच्या आसपास ग्वांगझौहून ग्वीलिनकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून जातात आणि तिकडची हॉटेलं दुप्पट-तिप्पट भाव लावतात. ५ तारखेला लोंढा उलटा फिरतो, सगळे ग्वांगझौकडे परततात. तुम्ही ६ तारखेला सकाळी निघा. गाडीत जागा मिळेल आणि यांगशुओतली खोलीही उतरलेल्या भावात मिळेल. ५ लाच संध्याकाळी निघायची घाई करू नका.

स्टेशन: तुम्हाला हवं ते ग्वांगझौ दक्षिण. तिकिटावर ते ‘ग्वांगझौनान’ असं एका दमात लिहिलेलं असतं. ‘नान’ म्हणजे दक्षिण, ‘पेई’ उत्तर, ‘शी’ पश्चिम, ‘तुंग’ पूर्व. हे चार शब्द पाठ करा, ग्वीलिनलाही लागतील. नुसतं ‘ग्वांगझौ’ छापलं असेल तर ते शहरातलं जुनं स्टेशन, ‘ग्वांगझौतुंग’ आणखी तिसरंच. पाट्या बघून सुधारू म्हणाल तर गाडी गेलेली असेल, कारण एकातून दुसऱ्यात जायला मेट्रोने पाऊण-एक तास जातो.

पाझौहून: मेट्रो लाइन ८ ने छांगगांग, तिथे लाइन २ आणि तिच्या दक्षिण टोकाला ग्वांगझौ दक्षिण. एकच बदल. तासभर धरा. भाडं २ युआनपासून सुरू होतं, पहिल्या ४ किलोमीटरला २ आणि पुढे अंतरानुसार वाढतं. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात शिरताना बॅग एक्स-रेमधून जाते, रेल्वे स्टेशनात पुन्हा जाते. म्हणून गाडीच्या दोन-सव्वादोन तास आधी हॉटेल सोडा. फेअरची कॅटलॉगं आणि सँपलच्या पिशव्या असतील तर अडीच तास.

स्टेशनात मेट्रोतून वर आलात की तिसऱ्या मजल्यावर प्रतीक्षागृह. ते अवाढव्य आहे. फलकावर गाडीचा नंबर शोधा, त्यासमोर गेटचा क्रमांक असतो, अ किंवा ब आणि पुढे आकडा. आपल्यासारखं फलाटावर जाऊन गाडीची वाट बघता येत नाही. गाडीच्या साधारण पंधरा मिनिटं आधी गेट उघडतं आणि सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं. बंद झाल्यावर गाडी समोर उभी दिसली तरी सोडत नाहीत, हुज्जत घालून उपयोग नाही. कागदी तिकीट लागत नाही, पासपोर्ट हेच तिकीट. बरीच स्वयंचलित गेटं मात्र चिनी ओळखपत्रच वाचतात. त्या रांगेत पासपोर्ट घासत बसण्यापेक्षा अगदी कडेला कर्मचारी उभा असलेल्या गेटाशी जा. तो पासपोर्ट यंत्रावर ठेवून सोडतो.

आता २ रा प्रश्न. आधी यांगशुओ, मग ग्वीलिन. ग्वांगझौ-ग्वीयांग हाय-स्पीड मार्ग (डिसेंबर २०१४ पासून सुरू) ग्वांगझौकडून जाताना आधी यांगशुओला लागतो आणि ग्वीलिन त्याच्या पुढे. ग्वीलिनला उतरून बसने मागे यांगशुओला येणं म्हणजे उलटा फेरा. वेळ साधारण अडीच तास. सगळ्या गाड्या यांगशुओला थांबत नाहीत, तेव्हा शोधताना ‘यांगशुओ’ हेच नाव घाला.

मोठी मेख इथे आहे: यांगशुओ नावाचं रेल्वे स्टेशन यांगशुओत नाही. ते शिंगपिंग गावाजवळ आहे. यांगशुओ गाव तिथून तीसेक किलोमीटर. स्टेशनबाहेर दोन्हीकडच्या बस उभ्या असतात. यांगशुओची बस तासभर घेते, तिकीट वीस-पंचवीस युआनच्या घरात. बाहेर पडताना ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत मागे लागणाऱ्यांना ओलांडून सरळ बसच्या तिकीट खिडकीशी जा. माझं मत विचाराल तर पहिली रात्र शिंगपिंगलाच काढा. २० युआनच्या नोटेच्या मागे जो नदी-डोंगरांचा देखावा आहे, तो तिथलाच. नदीकाठी प्रत्येक जण नोट हातात धरून फोटो काढताना दिसेल. दुसऱ्या दिवशी शिंगपिंग ते यांगशुओ साधी बस, तीही तासाभराच्या आतबाहेर.

मुक्ता_निगडी

वरचं सगळं बरोबर. चौथ्या प्रश्नाचं मी सांगते, कारण आपल्या लोकांची गाडी तिथेच अडते.

अलीपे (मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अॅप) घरूनच सुरू करून ठेवा. व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवायची. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर मुद्दाम चालू करावा लागतो, आपल्याकडे तो मुळात बंद असतो. तसंच दुसरं अॅप वीचॅट, त्यावर २०२० पासून भारतात बंदी आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून त्या सिमवर रोमिंग हवंच, नेट दुसऱ्या सिमचं वापरलंत तरी. व्हॉट्सअॅप, जीमेल, गूगल मॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर किंवा परदेशी ई-सिमवर चालतात. पण रस्ता शोधायला गूगल मॅप नकोच, चीनमध्ये त्याची खूण शे-पाचशे मीटर सरकलेली असते. आयफोन असेल तर त्यातला अॅपलचा नकाशा बरा चालतो.

मेट्रोसाठी अलीपेमध्ये ‘ट्रान्सपोर्ट’मध्ये जाऊन ग्वांगझौ शहर निवडलं की क्यूआर कोड मिळतो. आत जाताना दाखवायचा, बाहेर पडतानाही. एक कोड म्हणजे एक माणूस. तुम्ही आत गेलात आणि तोच कोड वहिनींसाठी लावलात तर गेट अडवतं, कारण त्याच्या लेखी तुम्ही अजून बाहेर पडलेलाच नाहीत. दोघांच्या मोबाइलवर वेगवेगळं अलीपे हवं. नाहीतर वहिनींसाठी मशीनमधून टोकन काढा. प्लॅस्टिकचं गोल टोकन असतं, आत जाताना वर टेकवायचं, बाहेर पडताना खाचेत टाकायचं. मशीनसाठी ५ आणि १० च्या नोटा सुट्ट्या ठेवा. शहर बदललं की कोडही बदलायचा. ग्वांगझौचा कोड ग्वीलिनच्या बसमध्ये चालत नाही, आणि हे लक्षात येतं ते ड्रायव्हर खेकसल्यावर.

२४ तासांचा मेट्रो पास २० युआनला मिळतो. फेअरच्या दिवसांत हॉटेल ते पाझौ एवढीच ये-जा असेल तर तो काढू नका, वसूल होत नाही.

रोख हजारेक युआन असू द्या, त्यात १ आणि ५ च्या नोटा भरपूर. शहरी बसमध्ये पेटीत पैसे टाकायचे असतात, सुटे परत मिळत नाहीत.

अलीपेवर परदेशी कार्डाने २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. दोघांची रेल्वे तिकिटं एकत्र काढलीत तर २०० च्या वर जाईल. पाच-दहा युआन वाचवायला वेगवेगळी काढून जागा लांब-लांब घेणं मात्र शहाणपणाचं नाही.

रुळावरचा_वारकरी

तिकिटांचं राहिलं होतं. चिनी रेल्वेचं स्वतःचं अॅप १२३०६, त्यात इंग्रजी आहे. विक्री १५ दिवस आधी उघडते. त्याआधी कोणी ‘बुकिंग’ घेत असेल तर ती नुसती नोंद असते, पक्कं तिकीट नव्हे. पासपोर्ट तपासणीला एखाद-दोन दिवस लागू शकतात, म्हणून खातं आत्ताच उघडा. विक्रीच्या दिवशी उघडून चालणार नाही. हे जमलं नाही तर ट्रिप डॉट कॉम आहे, थोडं शुल्क जास्त, पण काम चोख.

नाव पासपोर्टप्रमाणे तंतोतंत. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात असतं, ते गाळू नका. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, तिथे मनाने आडनाव घालू नका. नंबरात एक अक्षर चुकलं तरी गेटवर अडवतात.

परतावा उदार आहे: गाडीच्या ८ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर काही कापत नाहीत, ४८ तासांपर्यंत ५ टक्के, २४ ते ४८ तासांत १० टक्के, त्यानंतर २० टक्के. त्यामुळे तारीख डळमळीत असली तरी काढून ठेवा.

दुसऱ्या वर्गात एका बाजूला अ, ब, क आणि दुसऱ्या बाजूला ड, फ अशा जागा (रोमन अक्षरांत). ई नसते. दोघांसाठी ड-फ घ्या, फ खिडकीची. आणि डबा आधी बघून फलाटावरच्या आकड्यापाशी उभे राहा. १६ डब्यांची गाडी बऱ्याचदा ८-८ च्या दोन गाड्या जोडून केलेली असते, आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. यांगशुओला गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते, आधीच्या स्टेशनानंतर बॅगा खाली काढून ठेवा.

आणखी एक. डिओडरंटचा डबा. फवाऱ्याच्या डब्यांना रेल्वेत आकाराची मर्यादा आहे, आपल्याकडचे डबे त्यात बसतीलच असं नाही. एक्स-रेवर तो लगेच दिसतो आणि जप्त होऊ शकतो. रोल-ऑन न्या.

टॉवेलवाला_सोलापूर

वा, एवढं अपेक्षितच नव्हतं! एक सांगायचं राहिलं: परतीचं विमान हाँगकाँगहून मुंबई आहे, १० तारखेला रात्री. ग्वीलिनहून हाँगकाँग कसं? आणि बांबूच्या तराफ्यातून नदी करायची आहे.

मुक्ता_निगडी

हाँगकाँग म्हणजे इमिग्रेशनच्या दृष्टीने चीनबाहेर. विमानतळावरच्या विमानतळावर बदल असता तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही रेल्वेने शहरात शिरणार, म्हणून आगमनपूर्व नोंदणी लागेल. भारतीयांना ती २०१७ पासून बंधनकारक आहे. हाँगकाँग इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ती फुकट होते, निकाल लगेच येतो. पावती पांढऱ्या ए-४ कागदावर छापून, सही करून जवळ ठेवा, मोबाइलवरचा फोटो पुरत नाही. नोंदणी नाकारली गेली तर रीतसर व्हिसा काढावा लागतो आणि त्याला आठवडे जातात. म्हणून हे काम सगळ्यात आधी. विमानाचं तिकीट काढलंय ना, मग आजच करा.

चीनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी चालेल, कारण तुम्ही परत चीनमध्ये येत नाही. मात्र फेअरच्या मधल्या दिवशी ‘जरा हाँगकाँग फिरून येऊ’ असं करू नका. बाहेर पडलात की तो व्हिसा संपला आणि पुढचं ग्वीलिन बोंबललं.

रुळावरचा_वारकरी

ग्वीलिनहून हाँगकाँग पश्चिम कौलूनपर्यंत थेट हाय-स्पीड गाडी आहे, पण फेऱ्या मोजक्या. विक्री उघडली त्या दिवशीच घ्या. चीनमधून बाहेर आणि हाँगकाँगमध्ये आत, दोन्ही तपासण्या पश्चिम कौलूनलाच एकापाठोपाठ होतात. पुढे चालत दहा-पंधरा मिनिटांवर कौलून स्टेशन, तिथून एअरपोर्ट एक्सप्रेस. गाडी कौलूनला पोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यात किमान सहा तास ठेवा.

थेट गाडी मिळाली नाही तर शेनझेन उत्तरपर्यंत जा, तिथून कौलूनच्या गाड्या सतत आहेत. शेनझेनहून मेट्रोने लोहू नाक्यावर जाऊन पायी ओलांडायचाही मार्ग आहे, तो नाका सकाळी साडेसहा ते मध्यरात्री उघडा. पण सामानासकट तो नको.

ग्वीलिनची स्टेशनं: ‘ग्वीलिन’ शहराच्या मध्यात, ‘ग्वीलिनपेई’ थोडं उत्तरेला पण शहरी बसने सहज, ‘ग्वीलिनशी’ मात्र पार बाहेर. त्याला तासाभराची बस. तिकिटावर ‘शी’ आलं तर सकाळी तेवढं लवकर उठा. यांगशुओहून ग्वीलिनला बस दीड तासात सोडते. यांगशुओत उत्तर आणि दक्षिण अशी दोन बसस्थानकं आहेत, कुठून सुटते ते हॉटेलवाल्याकडून चिनीत लिहून घ्या आणि तोच कागद दाखवा.

तराफा: बांबू नावापुरता, आता प्लॅस्टिकच्या नळ्या आणि मागे मोटर. यांगदीहून शिंगपिंगच्या दिशेचा पट्टा सगळ्यात देखणा. तिकीट पासपोर्टच्या नावावर. मे-जून हा तिकडचा पावसाळाच, नदीचं पाणी वाढलं की तराफे बंद करतात, मोठी बोट चालू राहते. म्हणून तराफा शेवटच्या दिवसावर ढकलू नका. ७ तारखेलाच सकाळी करा, म्हणजे बंद निघाला तर ८ तारीख हाताशी राहते.

कोकणकडा_०७

एकच भर. शेनझेनला उतरून मेट्रो घेणार असाल तर लाइन ११ वर सांभाळा. तिच्यात काही डबे ‘बिझनेस’ आहेत, भाडं साध्याच्या तिप्पट. फलाटावरची रांग छोटी दिसली म्हणून तिथे उभे राहाल आणि साध्या कोडवर आत शिराल, तर तपासनीस फरक भरायला लावतो.