वजनहीन उड्डाणात वैमानिक हवाच कशाला?

भरारी:
विमान परवलयात, म्हणजे वर फेकलेल्या दगडाच्या वाटेने उडवून काही सेकंद वजनहीनता मिळवायची, हे तंत्र जुनंच. फ्रान्समधल्या बोर्दोहून उडणारं एअरबस ए३१० एका उड्डाणात ३१ परवलयं करतं, प्रत्येकात साधारण २२ सेकंद. त्यासाठी अख्खं प्रवासी विमान, वैमानिक, डॉक्टर, उलटीच्या पिशव्या. आणि प्रयोग काय, तर बऱ्याचदा बुटांच्या खोक्याएवढ्या डब्यात थरथरणारा एक थेंब! तो डबा मानवरहित विमानात टाका की. आत माणूसच नाही म्हटल्यावर सुरक्षेची कितीतरी कागदपत्रं आपोआप गळतील. फसला प्रयोग, तर बॅटरी बदलून पुन्हा उडवा.

कासव:
आधी हिशेब करू. किती सेकंद मिळणार ते उभ्या वेगावर ठरतं. २२ सेकंद हवे तर सुरुवातीला सेकंदाला १०८ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ३९० किमी, आणि तेही उभ्या दिशेने. तुमचं ड्रोन सेकंदाला २५ मीटरने वर गेलं तर पाच सेकंद हाती लागतात. तेवढ्यासाठी जर्मनीतल्या ब्रेमेनचा पतन-मनोरा आहे ना! हवा काढलेल्या नळीत ११० मीटर पडायचं, ४.७ सेकंद, खालून वर फेकलं तर ९.३. उरलेलं गुरुत्व पृथ्वीच्या दशलक्षांश. ड्रोनला हवेचा रेटा बसतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याचं काय?

भरारी:
मनोऱ्यात दिवसाला जेमतेम तीन पतनं होतात, कारण दरवेळी हवा काढत बसावं लागतं. शेवटी प्रयोगाची कुपी थर्मोकोलच्या मण्यांत आपटते ती वेगळीच. आणि चंद्राचं ०.१६ किंवा मंगळाचं ०.३८ गुरुत्व हवं असेल तर? ड्रोनला थोड्या कमी त्वरणाने 'पडायला' सांगितलं की झालं.

नळीवाला:
मी एकदा अशा उड्डाणात द्रवाचा प्रयोग घेऊन गेलो होतो. चौथ्या परवलयाला बुडबुडा नळीच्या भिंतीला चिकटला. पट्ट्यातून हात सोडवून नखाने टिचकी मारली, सुटला. ड्रोनमध्ये असतो तर उरलेल्या २७ परवलयांत त्याच बुडबुड्याचं चित्रीकरण करून परत आलो असतो. (पोटाची अवस्था विचारू नका, त्या बाबतीत भरारी यांच्याशी पूर्ण सहमत.)

पण कासव, हवेच्या रेट्यावर तोडगा आहे. डबा विमानाला बांधायचाच नाही. तो आत मोकळा तरंगू द्यायचा, संवेदकांनी भिंतीपासूनचं अंतर मोजायचं आणि विमानाने डब्याभोवती उडायचं. धक्के सोसायचे विमानाने, डब्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

कासव:
कल्पना झकास. पण मोठ्या विमानाच्या केबिनमध्ये डबा मीटरभर भरकटला तरी चालतं. छोट्या यंत्रात चार बोटांची फट, आणि वाऱ्याचा एक झोत आला की डबा भिंतीला ठोकर! तिथेच प्रयोग संपला.

भरारी:
झोत नको म्हणून पहाटे, वारा पडलेला असताना उडवू. नळीवाल्यांच्या नखाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, मान्य. माणसांवरच्या प्रयोगांचा तर प्रश्नच येत नाही.

कासव:
मग नख लागत नाही अशा पाच-सात प्रयोगांची यादी टाका. आणि त्यातल्या कितींना पाच सेकंद पुरतात तेही लिहा.